पाह्य, पारख, मंग पेर

हबीब मास्तरच्या घरी कोणी गेलं की रजियाभाभी दारातच सांगून टाकायची, "या, बसा, चहा घ्या. पण कंप्युटरले हात लावू नका बरं. यायनं काल नवीन आणली."

नवखा माणूस दचकायचा. सत्तरीला टेकलेल्या मास्तरनं काय नवीन आणली? मग भाभी ओढणी तोंडाला लावून हसायची. "सिस्टीम व माय, सिस्टीम! बायको एकच केली ते माहं नशीब. नाहीतर हा माणूस दर जुम्म्याले निकाह लावून आला असता."

अन् आतून मास्तरचा आवाज यायचा, एकसुरी अन् ठाम. "बदनामी करू नका, स्वल्पविराम, पाहुणे आले आहेत, पूर्णविराम."

हे असं ते खरोखर बोलायचे. आमच्या कामरगावात बसस्टँडच्या मागं त्यांचा टायपिंगचा क्लास होता. पोरी टाइपरायटरवर बसलेल्या अन् मास्तर मागं हात बांधून फेऱ्या मारत मजकूर सांगत आहेत, असं उभं आयुष्य गेलं. सांगताना विरामचिन्हंही सांगावी लागतात, नाहीतर पोरी नुसती आगगाडी काढतात. ती सवय जिभेला इतकी चिकटली की घरातही सुटेना. "भाजीत मीठ कमी आहे का, प्रश्नचिन्ह." "ताई, आले का, प्रश्नचिन्ह, बसा, पूर्णविराम." लोक हसायचे. मास्तर स्वतः हसायचे नाहीत. भाभी म्हणायची, "यायच्याशी भांडाची मजाच नाही. मी रडकुंडीले येतो अन् हे उद्गारचिन्ह देतात."

परवा सकाळी वंदनानं, म्हणजे माझ्या सुनेनं, मशीन सुरू केलं. पडद्यावर रोजचं ते गरगर फिरलेलं चिन्ह आलं, अन् ती एकदम म्हणाली, "आई, मास्तरवर काहीतरी लिहा. तुमाले इतकं बोलता येते, तर लिहूनच टाका." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंतची, उरलेलं अंगणवाडीत पोरायसंगं शिकले, मी काय लिहिणार? तर म्हणाली, "बोलता तसंच लिहा." म्हणून बसले. मास्तर असते तर पहिले माझ्या हातांवर टॉवेल टाकला असता.

टॉवेलाचं सांगते. मास्तरच्या क्लासात अक्षरं पाहून टाइप करायला बंदी होती. शिकणारीच्या हातांवर ते एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला निळ्या काठाचा टॉवेल टाकायचे. हात टॉवेलाच्या खाली, नजर कागदावर. "डोळ्याले विसर पडते," म्हणायचे, "हाताले नाही पडत." अन् पोरगी कशी टाइप करून राह्यली हे पाहायला ते कागदाकडे जायचेच नाहीत, टॉवेल पाहायचे. टॉवेल सारखा हलत राहिला तर हात बसला. मधेच थांबला, धडपडला, तर हात अजून कच्चा. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे, खोलीच्या पार त्या टोकाला उभे राहून ते म्हणायचे, "मागच्या बाकावर 'ज्ञ' सापडून नाही राह्यला, पूर्णविराम." अन् खरंच मागच्या बाकावर कोणीतरी 'ज्ञ' शोधत असायचं.

टाइपरायटर गेले. क्लासात जुने संगणक आले. मास्तरच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले पेनड्राईव्ह आले. नवखे लोक त्याला तावीज समजायचे. भाभी म्हणायची, "तावीजच आहे. फक्त याच्यातून जीन भाईर नाही जात, अंदर येते."

आता ही नव्या नव्या सिस्टीमची भानगड काय होती, ते मला जसं समजलं तसं सांगते. संगणकाला हलवणारी, बोलवणारी एक मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती नसली तर डबा नुसता डबा. बाजारात ती विकत मिळते, पण आपल्याकडं तेव्हा सगळीकडं तिची नक्कलच चालायची. कोणी तरी सीडी आणायचा अन् साऱ्या गावात तीच फिरायची. मास्तरच्या क्लासातही तीच होती. चोरीचं आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी क्लास बंद.

याचं मला नवल वाटलं नाही, कारण मास्तरचं आकड्याचं प्रकरण मला माहीत होतं. आमच्या गल्लीत एका लग्नात मांडवाला विजेच्या तारेवर आकडा टाकून लायटी लावलेल्या. मास्तर आले, अहेर दिला, पान वाढून घेतलं अन् ते पान उचलून मांडवाच्या बाहेर, उजेड संपतो तिथं जाऊन बसले. नवरीचा बाप धावत आला. "मास्तर, काही चुकलं का आमचं?" मास्तर घास गिळून म्हणाले, "जेवण तुमच्या घरचं आहे, ते खातो. उजेड चोरीचा आहे, तो घेत नाही. पोरीले दुवा दोन्हीकडून सारखीच, पूर्णविराम." अन् पोटभर जेवले. जिलेबी मागून घेतली.

तर असा माणूस. मला म्हणाले, "ताई, माह्या क्लासात इतके दिवस आकड्याची लाइन होती, अन् मी मांडवाबाहेर जाऊन जेवत होतो." मग त्यांनी शोधून लिनक्स काढलं अन् त्याच्यावर क्लास पुन्हा सुरू केला. हे लिनक्स म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगून ठेवलेलं, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, आत काय आहे ते उघडून पाहा, आवडलं नाही तर बदला. मास्तर म्हणायचे, "घरचं बी आहे हे. याच्या घरून त्यानं नेलं, त्याच्या घरून तुमी न्या, कोणाचा गुन्हा नाही."

पण त्यात एक गोम निघाली. चोरीची सिस्टीम एकच होती. हलालची शेकडो निघाली.

कारण ज्याला त्याला बदलायची मुभा! कोणी हलकी केली, कोणी देखणी केली, कोणी पोरांसाठी, कोणी कारखान्यासाठी. प्रत्येकीचं नाव वेगळं, अन् प्रत्येकीच्या पुन्हा आवृत्त्या. ती नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून मास्तरनं चिन्ह पाहून आपली नावं ठेवली. एक पुदिना, एक टोपीवाला, एक नारिंगी. एकीच्या चिन्हात नुसतं गरगर फिरलेलं काहीतरी होतं, ती भोवरा.

मास्तरच्या वडलांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. त्यामुळं पारख करायची रीत त्यांना घरातूनच मिळालेली. आमच्याकडं सोयाबीन पेरायच्या आधी बी तपासतात. ओल्या गोणपाटावर मोजून दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं अन् काही दिवसांनी उघडून पाहायचं, किती उगवले. चांगले उगवले तर वावरात टाकायचं, नाही तर पोतं परत. दुकानदार काय बोलतो, पिशवीवर चित्र काय आहे, याच्यावर पेरायचं नाही. मास्तरचे वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पाह्य, पारख, मंग पेर." मास्तरनं हेच संगणकाला लावलं. लिनक्सची एक सोय अशी, की सिस्टीम मशीनमध्ये न बसवता नुसती पेनड्राईव्हवरून चालवून पाहता येते. आवडली तर ठेवा, नाही तर पेनड्राईव्ह काढा, मशीन जसंच्या तसं. मास्तर खूश होऊन म्हणाले, "गोणपाटच आहे हे, उद्गारचिन्ह!"

अन् मग ते गोणपाट काही सुटलं नाही. शुक्रवारच्या नमाजाहून आले की नवीन वाण चालवून पाहायचं. हे छान आहे. पण ते त्याहून छान असेल तर? भाभी म्हणायची, "बाप्पा, लोक बी तपासून पेरतात. हा माणूस तपासतच राह्यते. याचं वावर कवाच हिरवं होत नाही."

एकदा भाभीनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. तिला पाहायला आले होते तेव्हा मास्तर तिला काहीच विचारत नव्हते. सारखे तिच्या हातातल्या सरबताच्या ग्लासाकडं पाहात होते. ग्लास हलला नाही, तेवढ्यावर हो म्हणाले. "माहं नशीब," ती म्हणाली, "त्या टायमाले यायच्यापाशी पेनड्राईव्ह नव्हता."

हे सगळं मला गंमत होतं. वंदनावर आलं तेव्हा गंमत राहिली नाही.

माझा मुलगा आजारपणात गेला. घरात वंदना अन् मी, दोघीच उरलो. तिचा भाऊ लगेच न्यायला आला होता. वंदना म्हणाली, मी इथंच राहीन, काही तरी शिकते. मीच तिला मास्तरच्या क्लासात नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी तिचा टॉवेल सारखा धडपडत होता, मास्तर दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. काही महिन्यांत टॉवेल संथ चालायला लागला. मग कारंज्याला तहसील कार्यालयाच्या भिंतीला लागून तिनं एक टिनाची टपरी घेतली. जुना संगणक, त्याच्यात आधीच्या मालकानं विकत घेतलेली सिस्टीम, जुना प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, विनंत्या. मास्तरची एकच अट होती, "मीटर घेजो बेटा. आकडा टाकला तर मी टपरीत पाय नाही ठेवणार, पूर्णविराम." तिनं मीटर घेतलं.

टपरी चालायला लागली. भाऊ अधूनमधून फोन करायचा. "वंदे, कायले उन्हात बसतं? रस्त्यावर बसणं शोभते का आपल्याले? ये घरी." शेवटी एकदा येऊन बसला अन् म्हणाला, "या उन्हाळ्याचा सीझन पाह्यतो. शाळा-कॉलेजच्या दाखल्यायच्या गर्दीतही तुह्यं नीट नाही चाललं, तर मंग माहं ऐकाचं." वंदनानं मान हलवली. मी भांडी घासत होते, घासतच राहिले. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं अन् तिला थांब म्हणायचा मला काय हक्क, हेही वाटत होतं.

नेमक्या त्या सीझनच्या तोंडावर मशीन बसलं. लोक आपापले पेनड्राईव्ह घेऊन यायचे, त्यांतून व्हायरस शिरला. उघडावं ते उघडेना, सगळ्या फायलींचे शॉर्टकट झालेले. मास्तरला बोलावलं. ते आले, छोट्या ब्रशनं आधी कीबोर्डमधली धूळ झाडली, तो ब्रश कायम खिशात असायचा, अन् म्हणाले, "बेटा, याच्यात आता घरचं बी टाकू." दोन दिवसांत लिनक्स बसलं. तिचे अर्जांचे नमुने शाबूत राहिले. टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीनं अक्षरं उमटायला लागली, तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. आम्ही दोघींनी मास्तरला पुरणपोळी खाऊ घातली. तिथं थांबले असते तर!

पुढच्या शुक्रवारी मास्तर टपरीत हजर. "बेटा, याच्याहून हलकी भेटली."

ती बदलली. काही दिवसांनी, "बेटा, याच्यात पडदा साफ दिसते." ती बदलली. वंदना खुर्ची रिकामी करून द्यायची. गुरू होते, अन् फुकट करत होते, अन् इतक्या मायेनं करत होते. पण दर वेळी बटण कुठं गेलं, फाईल कुठं ठेवली, भाषा कशी बदलायची, सगळं पुन्हा. तोवर समोर माणूस उभा. घरी आली की ती हात पाण्यात बुडवून बसायची. मी विचारलं, काय व? तर म्हणाली, "आई, आंधळ्याच्या घरात कोणी रोज खाट सरकवावी तसं होते मले."

मग तो सोमवार आला. दाखल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. मी त्या दिवशी तिला डबा द्यायला गेले होते, म्हणून माझ्या डोळ्यांपुढं घडलं. आदल्या संध्याकाळी मास्तर येऊन नवी आवृत्ती टाकून गेले होते. सकाळी अर्ज टाइप झाला, पण प्रिंटर ढिम्म. अन् अक्षरांच्या जागा बदललेल्या, एक दाबलं की दुसरंच उमटे. वंदनानं हात उचलून कीबोर्ड पाहायला सुरुवात केली. कीबोर्ड पाहून टाइप करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, येत नसन तर सांगून टाक ना, आमी तिकडं जातो." अन् गेला. त्याच्या मागचा गेला. पलीकडच्या टपरीत जागा पुरेना. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या बाकावर टेकलं की परत येत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. दुपारपर्यंत आमच्या टपरीसमोर फक्त माझी पिशवी उभी होती.

वंदनानं टपरीचं दार ओढलं अन् जीपमध्ये बसली. मी मागोमाग. कामरगावला उतरली ती सरळ मास्तरच्या घरी.

मास्तर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. तिला पाहून खुलले. "काय म्हणते नवीन सिस्टीम, प्रश्नचिन्ह?"

"मास्तर, लय चांगली आहे. सगळ्याच चांगल्या होत्या." ती उभीच होती. "पण मले चांगली नको. मले अशी द्या, का जशी काल होती तशी आज राहीन, अन् आज आहे तशी उद्या राहीन. माह्या घरी एक दिवस सकाळी उठली तर सगळंच बदलून गेलं होतं, मास्तर. आता निदान टपरीत तरी काही बदलवू नका."

भाभीनं गॅस बंद केला. मी मास्तरकडं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी चिन्ह येईल. काहीच आलं नाही. हातातला दाणा त्यांनी परत शेंगेत ठेवायचा प्रयत्न केला.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, मी काय करून राह्यलो होतो सांगू? बी माह्या आंगणात तपासत होतो अन् पेरत होतो हिच्या वावरात. जमीन हिची, तर गोणपाट बी हिच्याच वावरात टाकाले पाह्यजे होतं. बापानं इतकं शिकवलं, अन् तेवढंच इसरलो."

भाभी म्हणाली, "आता बोलत नका बसू. टॉवेल घ्या अन् उद्या जा हिच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी कसली तरी सरकारी सुट्टी होती, तहसीलचं फाटक बंद. टपरीत आम्ही चौघं. वंदना मशीनपुढं, मास्तर स्टुलावर, भाभी अन् मी दारात. मास्तरनं गळ्यातला दोरा काढून टेबलावर ठेवला अन् तिच्या हातांवर तो निळ्या काठाचा टॉवेल टाकला. म्हणाले, "पडद्याकडं पाह्यजो नको. कोणतं वाण आहे मी सांगणार नाही. मी बोलतो, तू लिही."

अन् मागं हात बांधून सांगायला लागले.

"प्रति, स्वल्पविराम, माननीय तहसीलदार साहेब, स्वल्पविराम, कारंजा, पूर्णविराम. विषय, अपूर्णविराम, मास्तरची खोड मोडण्याबाबत, पूर्णविराम."

वंदनाचे खांदे हलले. "मास्तर!"

"हात चालू ठेव. महोदय, स्वल्पविराम, वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवतो की, स्वल्पविराम, अर्जदार राहणार कामरगाव, स्वल्पविराम, वय झालेले, स्वल्पविराम, धंदा लोकांच्या चालत्या मशिनी बिघडवणे, पूर्णविराम."

"हे एक खरं बोलले," भाभी म्हणाली.

हा एकच अर्ज मास्तरनं प्रत्येक वाणावर लिहून घेतला. पेनड्राईव्ह काढायचा, दुसरा लावायचा, पुन्हा "प्रति, स्वल्पविराम". वाईट एकही नव्हतं, हे मी मास्तरच्या वतीनं सांगते. पण मशीन हे होतं अन् हात हे होते. नारिंगीवर तिचे हात पुढं जायचे अन् बिचारं मशीन मागून धापा टाकत यायचं, टॉवेल थबकायचा. टोपीवाल्यावर टॉवेल छान चालला, पण प्रिंटरनं तोंड उघडलं नाही. पुदिना मास्तरचा लाडका, त्याच्यावर त्यांनी फार आशा ठेवलेली. अर्ध्यापर्यंत टॉवेल असा संथ की मास्तरचा चेहरा फुलला. मग भाषा बदलायच्या जागी हात अडला, टॉवेलाचं एक टोक वर उचललं गेलं, अन् मास्तरनं स्वतःच पेनड्राईव्ह उपसला.

शेवटी भोवरा. मास्तरनं तो लावला तोही जरा नाखुशीनं, राहिला म्हणून.

"प्रति, स्वल्पविराम..."

टॉवेल हलायला लागला. हलत राहिला. विषय आला, महोदय आले, राहणार कामरगाव आलं, टॉवेल एका लयीत, कुठं ठेच नाही. मास्तरनं मुद्दाम 'ज्ञ'चे शब्द घातले, प्रतिज्ञा, अज्ञान, सुज्ञ. टॉवेलाला पत्ता नाही. "सबब मेहेरबानांस विनंती की, स्वल्पविराम, अर्जदाराची खोड मोडण्याचा हुकूम व्हावा, पूर्णविराम. आपला नम्र, स्वल्पविराम, हबीब मास्तर." मग हळूच म्हणाले, "प्रिंट दे."

प्रिंटर खडखडला. कागद बाहेर आला.

वंदनानं विचारलं, "हे कोणतं होतं? मले तर समजलंच नाही का बदललं म्हणून."

"तेच," मास्तर म्हणाले. "तेच पाह्यजे होतं." पण तोंड थोडं उतरलं होतं. "भोवरा निघाला ताई. अवो, हे तर सगळ्यात जुनाट! याच्यात नवीन काही लवकर येतच नाही. दुसरे धावतात अन् हे बसून राह्यते. इतकी वाणं तपासली अन् शेवटी आपलं जुनं तीनशे पस्तीसच उगवलं." दर वर्षी चकचकीत पिशव्यांतली नवी सोयाबीन येते, तरी अर्ध्या वावरात ज्याच्यावर भरवसा ठेवून लोक पेरत आले, ते हे जुनं वाण.

"जुनाट, बसून राह्यते, पण दगा नाही देत," भाभी म्हणाली. "म्हंजे माह्यासारखं."

मास्तरनं तिच्याकडं पाहिलं, अन् मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते हे मला तेव्हा कळलं. "पेर," ते वंदनाला म्हणाले, "तुह्याच हातानं पेर." तिनं बटण दाबलं. भोवरा मशीनमध्ये बसायला जितका वेळ लागला तितका वेळ आम्ही चौघांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी अन् भाकर खाल्ली.

जाताना दोरा भाभीच्या हातात दिला. भाभी म्हणाली, "चार दिवसांत मांगसान." मागितला. घरच्या मशीनवर शुक्रवारचा कार्यक्रम शेवटपर्यंत चालू राहिला. पण टपरीतल्या मशीनला मास्तरनं पुन्हा बोट लावलं नाही. यायचे, स्टुलावर बसायचे, दोन्ही हात पायजम्याच्या खिशात. खिशात काय आहे विचारलं तर म्हणायचे, "हात आहेत, पूर्णविराम. भाईर काढले का नांदत नाहीत."

रांग एकदम परत आली नाही. आधी दोघं-तिघं, मग तो म्हातारा, "तिकडं लय टाइम लागते बाई," असं म्हणत. सीझनच्या शेवटी भाऊ आला तेव्हा त्याला बसायला जागा नव्हती. बराच वेळ उभा राहून बहिणीचे हात पाहात राहिला. मग रांगेतल्या एका बाईला म्हणाला, "सरका थोडं, मले डबा ठेवू द्या." त्यात त्यांच्या आईनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू होते. ये घरी, असं काही म्हणाला नाही. संध्याकाळी त्याची गाडी गेली अन् मी अंगणात जी बसले ती उठवेचना. रडू नाही आलं. नुसता एक मोठा श्वास होता, किती दिवसांचा अडकलेला कोण जाणे, तो गेला. वंदना म्हणाली, "आई, चहा टाकू का?" मी म्हटलं, "टाक, प्रश्नचिन्ह कायले लावतं?"

मास्तरचे डोळे अधू झाले, मग छातीचं दुखणं निघालं, तेव्हा त्यांच्या मुलीनं दोघांना वाशीमला नेलं. या थंडीत तिकडूनच मास्तर गेल्याचा निरोप आला. भाभीला भेटून आलो. टॉवेल तिनं धुऊन, घडी करून वंदनाला दिला. आता टपरीत एक पोरगी शिकायला येते, तिच्या हातांवर असतो. वंदना पडद्याकडं पाहात नाही, टॉवेलाकडं पाहते.

पण मला मास्तर दिसतात ते वाशीमला निघाले त्या दिवशीचे. जीप कारंज्यावरून जाणार होती. तहसीलसमोर गर्दीत अडकली. मी टपरीतच होते. मास्तर खिडकीशी बसलेले, काळा चष्मा लावलेला, मांडीवर तोच दोरा, त्यात एक नवा पेनड्राईव्ह. शुक्रवार असावा. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, पण टपरीची जागा बरोबर माहीत होती. खिडकीतून मान काढून त्या दिशेनं ओरडले,

"वंदना! काल होतं तसंच आहे ना, प्रश्नचिन्ह?"

वंदनाचे हात चालूच होते. मान न वळवता, तितक्याच मोठ्यानं ती म्हणाली, "तसंच आहे, मास्तर!"

पुढची गर्दी फुटली, जीप हलली. मास्तरनं मान आत घेतली, पाठ टेकली.

"मंग बरं," त्यांचा आवाज आला. "पूर्णविराम."